खडेमिठातून लाल आर्किया कसे वाढवावेत

मिठागरात मीठ धरायच्या शेवटच्या वाफ्यांतलं पाणी मार्चनंतर कधीकधी गुलाबी, कधी विटकरी दिसू लागतं. हा रंग मातीचा नसतो. अशा पाण्यात दर मिलिलिटरमागे कोटीच्या घरात सूक्ष्मजीव असू शकतात आणि रंग त्यांच्या अंगचा असतो. त्यातले बहुतेक आर्किया गटातले असतात. आकाराने ते बॅक्टेरियासारखे दिसतात, पण त्यांचा वंश वेगळा आहे. हॅलोबॅक्टेरियम, हॅलोफेरॅक्स, हॅलोअर्क्युला, हॅलोरुब्रम ही त्यातली नेहमी सापडणारी नावं. मीठ धरताना स्फटिकाच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात आणि त्या थेंबांत हे जीव जिवंत राहतात. त्यामुळे ५ ग्रॅम खडेमीठ एवढाच नमुना पुरतो.

पुढची कृती कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी लिहिली आहे. शाळेत प्रेशर कुकर आणि थर्माकोलचं खोकं वापरूनही तिचा बराचसा भाग जमतो. एकूण वेळ ४ ते ६ आठवडे, त्यातलं हाताचं काम दोन दिवसांचं, बाकी वाट पाहणं.

हे जीव नुसतं मीठ सोसत नाहीत, त्यांना मीठ लागतं

ही एक गोष्ट पक्की झाली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांची कारणं आपोआप कळतात. लोणचं टिकतं कारण मीठ पाणी धरून ठेवतं आणि नेहमीच्या जंतूंच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. या ओढीला तोंड द्यायचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की मीठ बाहेर ठेवायचं आणि पेशीत दुसरा एखादा निरुपद्रवी पदार्थ साठवून आतबाहेरचा ताण समान करायचा. हॅलोमोनाससारखे बॅक्टेरिया त्यासाठी एक्टोइन किंवा ग्लायसिन बीटेन वापरतात, मिठागरातलं डुनालिएला हे शेवाळ ग्लिसरॉल वापरतं. हा मार्ग महाग पडतो, कारण साठवायचा पदार्थ तयार करण्यात ऊर्जा जाते. पण त्यात मोकळीक आहे. पाऊस पडून पाणी गोड झालं तर तो पदार्थ सोडून देता येतो.

लाल आर्कियांनी दुसरा मार्ग धरला. ते पेशीच मिठाने भरून टाकतात. मात्र आत सोडियम कमी असतो, भर पोटॅशियमचा असतो, लिटरमागे ४ ते ५ मोलपर्यंत. इतक्या मिठात साधी प्रथिनं गोळा होऊन बसतात. म्हणून यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लं दाटीने बसवलेली असतात. त्यांचा ऋण भार पाणी आणि पोटॅशियम धरून ठेवतो आणि प्रथिन विरघळलेलं राहतं. मीठ काढून घेतलं की हेच ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि प्रथिन उलगडतं. पेशीभोवतीचं प्रथिनांचं आवरणही सोडियम आणि मॅग्नेशियमच्या आधाराने उभं असतं. म्हणजे परतीची वाट बंद. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या हातात बसलेल्या सवयी, म्हणजे ०.८५ टक्के सलाइनमध्ये विरळ करणं, ऊर्ध्वपातित पाण्याने धुणं, स्लाइड नळाखाली धरणं, या कामात थेट मारक ठरतात.

नमुना

न धुतलेलं, न दळलेलं खडेमीठ घ्या. करडट किंवा किंचित गुलाबी झाक असलेले मोठे खडे सगळ्यात चांगले. पिशवीतलं बारीक, शुद्ध केलेलं मीठ नमुना म्हणून चालणार नाही. ते धुतलेलं आणि गरम हवेत वाळवलेलं असतं. मिठागरातूनच नमुना मिळणार असेल तर एप्रिल-मेमध्ये, पहिल्या पावसाआधी जा आणि मिठागरवाल्यांची परवानगी घ्या. वाफ्यात पाय घालून गाळ ढवळला तर त्यांचं मीठ मळतं. त्यांच्याकडे बोमे अंश, म्हणजे खाऱ्या पाण्याची घनता, मोजायचा काटा असेल तर आकडा विचारून लिहून ठेवा. समुद्राचं पाणी साधारण ३ ते ३.५ अंशांवर असतं, मीठ धरायला सुरुवात सुमारे २५ अंशांवर होते. आपल्याला २५ ते २९ मधलं पाणी हवं आहे. स्वच्छ बाटलीत ५० मिलिलिटर घ्या, वर निम्मी जागा रिकामी ठेवा, बर्फात ठेवू नका. सावलीत, नेहमीच्या तापमानाला आणलेलं उत्तम.

मीठपाणी आणि माध्यम

इथे टक्के म्हणजे १०० मिलिलिटर तयार द्रावणात इतके ग्रॅम मीठ. मिठाने आकारमान वाढतं, हे विसरलं की सगळे आकडे चुकतात. ५०० मिलिलिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ टाकलं तर द्रावण ५३५ मिलिलिटरच्या आसपास भरतं. म्हणून आधी ४०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, मग खुणेपर्यंत भरा.

दोन मीठपाणी लागतात: १५ टक्क्यांचं १०० मिलिलिटर आणि २० टक्क्यांचं ५०० मिलिलिटर. दोन्हींत दर १०० मिलिलिटरला २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घाला, औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट म्हणून मिळतं ते. निर्जंतुक करून बाजूला ठेवा.

५०० मिलिलिटर माध्यमासाठी, म्हणजे साधारण २० प्लेटसाठी:

- सोडियम क्लोराइड १०० ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट, सप्तजल स्फटिक, १० ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराइड १ ग्रॅम
- ट्रायसोडियम सायट्रेट १.५ ग्रॅम
- कॅसअमिनो अ‍ॅसिड ३.७५ ग्रॅम
- यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २.५ ग्रॅम
- प्लेटसाठी अगार १० ग्रॅम, द्रव माध्यमाला नको

सोडियम क्लोराइड प्रयोगशाळेच्या प्रतीचं घ्या. घरच्या आयोडीनयुक्त मिठाने काम भागतं, त्यातलं आयोडीन इतकं थोडं असतं की ते आड येत नाही. आड येतो तो मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेला पदार्थ. त्याने द्रावण धुरकट होतं आणि नंतर वाढ झाली की नाही ते कळत नाही. तेच वापरायचं असेल तर द्रावण रात्रभर ठेवून वरचं निवळ पाणी फिल्टर पेपरमधून गाळून घ्या.

नेहमीचा पेप्टोन घालायचा मोह टाळा. काही पेप्टोनमध्ये प्राण्यांच्या पित्तातली आम्लं उरलेली असतात आणि लाल आर्कियांच्या पेशी त्यांनी फुटतात. सगळं नीट करूनही दोन आठवड्यांत काहीच उगवत नाही, याचं हे एक नेहमीचं आणि सहसा लक्षात न येणारं कारण आहे. कॅसअमिनो अ‍ॅसिड दुधातल्या केसीनपासून बनतं, त्यात ही भानगड नाही. पेप्टोनशिवाय दुसरं काहीच हाती नसेल तर माध्यमात लिटरला २ ग्रॅम विरघळणारा स्टार्च घाला. स्टार्च ही आम्लं धरून ठेवतो.

सामू (पीएच) ७.२ ते ७.४ ठेवा. दाट मिठात पीएच मीटरचा काटा भरकटतो आणि खरा आकडा सांगत नाही, म्हणून पट्टीने पडताळा. सोडियम हायड्रॉक्साइड सौम्य, एक नॉर्मल, थेंबाथेंबाने आणि ढवळत घाला. एकदम ओतलं तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो आणि माध्यमातलं मॅग्नेशियम कमी होतं.

खाऱ्या द्रावणात अगार नीट विरघळायला वेळ घेतो. मंद आचेवर ढवळत उकळी आणा आणि दाणे पूर्ण दिसेनासे झाल्यावरच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवा, १२१ अंश, १५ मिनिटं. कुकर वापरत असाल तर शिटी झाल्यावर आच मंद करून २५ मिनिटं. फ्लास्क अर्ध्याहून जास्त भरू नका. माध्यम उतू गेलं तर मीठ अ‍ॅल्युमिनियम खातं, कुकर लगेच गोड पाण्याने धुवा.

प्लेट ओतताना घाई लागते. साधं अगार ५० अंशांपर्यंत निवू देतात, हे तेवढं थांबू देत नाही. मिठामुळे ते लवकर घट्ट होतं आणि गुठळ्या पडतात. ६० ते ६५ अंशांना ओता, हातमोजे घालून. दर प्लेटला २५ मिलिलिटर पूर्ण घ्या. पातळ प्लेट तिसऱ्या आठवड्यात सुकून पांढऱ्या स्फटिकांची जाळी होते.

विरघळवणं आणि वाढवणं

५ ग्रॅम खडे ४५ मिलिलिटर १५ टक्के मीठपाण्यात टाका. शेवटचं द्रावण सुमारे २५ टक्क्यांचं होतं. साध्या पाण्यात टाकलं तर पहिली काही मिनिटं खड्याच्या आसपास पाणी अळणी असतं आणि स्फटिकातून सुटलेल्या पेशी तिथेच फुटतात. २० टक्क्यांत टाकायलाही हरकत नाही, पण मग खडे कमी घ्या, कारण २० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅमच्या पुढे ते विरघळायलाच तयार नसतात. जोरात हलवू नका, अर्धा-पाऊण तास ठेवून अधूनमधून हलकेच फिरवा. खालची माती बसू द्या.

यातलं ५ मिलिलिटर २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमधल्या ४५ मिलिलिटर द्रव माध्यमात घाला. ३७ ते ४० अंश, शेकरवर मिनिटाला १५० फेरे. शेकर नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा हाताने फिरवा. ही पायरी टाळण्यासारखी नाही. मिठाच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो. २० टक्क्यांत तो गोड पाण्याच्या साधारण एक तृतीयांश, संपृक्त द्रावणात पाचव्या हिश्शाच्या आसपास. उभा ठेवलेला फ्लास्क तळाशी गुदमरतो. फ्लास्क भरगच्च भरला तरी हाच परिणाम. ७ ते १५ दिवसांत आधी गढूळपणा, मग गुलाबी आणि पुढे लाल रंग येतो.

त्याच दिवशी थेट प्लेटही लावा, कारण द्रव माध्यमात वेगाने वाढणारा एखादा प्रकार बाकीच्यांना मागे टाकतो आणि नमुन्यातली विविधता हरवते. मूळ द्रावण २० टक्के मीठपाण्यात दहापट, शंभरपट, हजारपट विरळ करा आणि प्रत्येकातलं ०.१ मिलिलिटर दोन-दोन प्लेटवर पसरवा. दहा मिनिटं सुकू द्या, उलट्या करा, पाच-पाच प्लेट झिपच्या पिशवीत ओल्या टिश्यूसह बंद करा आणि ३७ ते ४० अंशांना ठेवा. इन्क्युबेटर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात लहान बल्ब आणि तापमापी पुरते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीचं तापमानच पुरेसं असतं. थेट उन्हात मात्र ठेवू नका.

लूपबद्दल, म्हणजे वाढ उचलायच्या तारेच्या कडीबद्दल, एक सूचना. मीठ लागलेला लूप सरळ ज्योतीत धरला की तडतडतो आणि जिवंत थेंब उडतात. आधी गरम पाण्यात बुडवून मीठ सोडवा, मग तापवा. ते पाणी नंतर निर्जंतुक करूनच टाका.

प्लेटवर काय दिसेल

दोन ते चार दिवसांत येणाऱ्या पांढऱ्या, दुधी, चकचकीत वसाहती बहुधा मीठ सोसणाऱ्या बॅक्टेरियांच्या, हॅलोमोनास किंवा बॅसिलसच्या नात्यातल्या. त्यांना पाहून लोक प्लेट फेकून देतात आणि तिथेच प्रयोग संपतो. थांबा. हॅलोफेरॅक्सच्या वसाहती साधारण पाचव्या दिवसापासून दिसतात, हॅलोबॅक्टेरियमच्या ७ ते १० दिवसांनी. सुरुवातीला त्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि फिक्या असतात, रंग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरतो.

एखादी वसाहत अर्धी अपारदर्शक गुलाबी आणि अर्धी पारदर्शक लाल दिसली तर ती मुद्दाम जपा. अपारदर्शक भागातल्या पेशींत वायूच्या पुटिका आहेत, पारदर्शक भागातल्या पेशींनी त्या गमावल्या आहेत. हॅलोबॅक्टेरियमच्या जनुकसंचात उड्या मारणारे तुकडे फार असतात. ते पुटिकांच्या जनुकात जाऊन बसतात, आणि साधारण शंभरात एक इतक्या वारंवार हा बदल होतो. उत्परिवर्तन साध्या डोळ्यांनी दाखवणारी इतकी सोपी उदाहरणं थोडी आहेत.

लाल म्हणजे आर्कियाच, असं धरून चालू नका. सॅलिनिबॅक्टर रुबर हा खराखुरा बॅक्टेरिया लाल आहे आणि तोही पेशीत पोटॅशियम भरूनच जगतो. २००२ मध्ये त्याचं नामकरण झालं. म्हणजे एकाच अडचणीवर दोन वेगळे वंश एकाच उत्तराला पोचले. वेगळं करायचं तर माध्यम ओतताना मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अ‍ॅम्पिसिलिन घाला. ते बॅक्टेरियांच्या भिंतीतलं पेप्टिडोग्लायकन बनू देत नाही. आर्कियांकडे ते नसतंच, त्यामुळे त्यांना काही होत नाही.

चौकोनी पेशींचा आर्किया हॅलोक्वाड्रॅटम या माध्यमावर सहसा येणार नाही. १९८० मध्ये वॉल्स्बी यांनी सिनाईतल्या खाऱ्या पाण्यात तो पाहिला. तो वेगळा करून वाढवायला २००४ उजाडलं. त्याला पोषण अगदी पातळ लागतं. हौस असेल तर कॅसअमिनो अ‍ॅसिड आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट काढून लिटरला १ ग्रॅम सोडियम पायरुवेट आणि ०.१ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट एवढंच ठेवा, आणि दोन-तीन महिने थांबायची तयारी ठेवा.

जुळवणूक पाहण्याच्या चाचण्या

सगळ्यात आधी पाण्याची चाचणी करा, कारण मूळ मुद्दा तीच सिद्ध करते. पाच नळ्यांत प्रत्येकी ४.५ मिलिलिटर घ्या: २०, १५, १० आणि ५ टक्के मीठपाणी, पाचव्या नळीत ऊर्ध्वपातित पाणी. या वेळी मॅग्नेशियम घालू नका, ते पेशींना सावरतं आणि निकाल पुसट होतो. प्रत्येकीत दाट लाल वाढीचं ०.५ मिलिलिटर घाला, हलकेच उलटीपालटी करा, अर्ध्या तासाने मागे छापील कागद धरून पाहा. साध्या पाण्याची नळी निवळते आणि लूप बुडवून वर काढला तर चिकट तार येते. ती पेशी फुटून बाहेर पडलेल्या डीएनएची. मधल्या नळ्यांतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर लांबट पेशी गोल झालेल्या दिसतात. नळी निवळली नाही तर प्रयोग चुकला असं समजू नका. हॅलोकोकस हा आर्किया गोल असतो, त्याची भिंत जाड असते आणि तो साध्या पाण्यातही फुटत नाही. हॅलोमोनासही अर्ध्या तासात असा निवळत नाही.

दुसरी चाचणी तरंगण्याची. द्रव वाढ चार-पाच दिवस न हलवता उभी ठेवा. पुटिका असलेल्या पेशी वर येऊन गुलाबी साय धरतात. ऑक्सिजन वर असतो आणि या पुटिका म्हणजे तिथे पोचायचं साधन. आता २० मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज घ्या, तीत ५ मिलिलिटर वाढ आणि १० मिलिलिटर हवा भरा, तोंड टोपणाने घट्ट बंद करा, डोळ्यांना चष्मा लावा आणि हवा ३ मिलिलिटरपर्यंत दाबा. आतला दाब तिपटीहून वर जातो, पुटिकांची प्रथिनांची भिंत कोसळते आणि दुधट गुलाबी द्रव पाहता पाहता स्वच्छ लाल होतो. त्या पेशी पुन्हा वर येत नाहीत, तळाशी बसतात. अपकेंद्री यंत्रात पेशी तळाशी न बसता वर साय धरू लागल्या, तर कारण हेच. आधी असं दाबून घ्या.

रंग काढायला १० मिलिलिटर वाढीतल्या पेशी खाली बसवा, वरचं पाणी पूर्ण निथळा, सम प्रमाणात मिसळलेलं अ‍ॅसिटोन-मिथेनॉल ५ मिलिलिटर घालून अंधारात हलवा. ज्योत जवळ नको. लाल रंग द्रवात उतरतो आणि पेशी पांढऱ्या पडतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४७०, ४९५ आणि ५२५ ते ५३० नॅनोमीटरच्या आसपास तीन उंचवटे दिसले तर तो बॅक्टेरिओरुबेरिन. गाजरातल्या कॅरोटिनमध्ये ४० कार्बन असतात, यात ५०. तो पेशीचं पटल घट्ट ठेवतो आणि उन्हाने होणारी इजा कमी करतो. छाया नसलेल्या उथळ वाफ्यात दिवसभर उन्हात राहायचं तर दोन्हींची गरज आहे. शिवाय हॅलोबॅक्टेरियमच्या एकाच पेशीत जनुकसंचाच्या १५ ते २५ प्रती असतात. एक तुटली तर दुरुस्तीला नमुना शेजारीच.

जांभळट झाक दिसली तर ती बॅक्टेरिओरोडॉप्सिनची असू शकते. हे प्रथिन १९७१ मध्ये ऑस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी ओळखलं. ते ५६८ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं आणि त्यावर ऊर्जा मिळते. ऑक्सिजन कमी आणि प्रकाश भरपूर असेल तेव्हाच ते भरघोस बनतं. म्हणून दहा दिवस नीट हलवून वाढवलेला फ्लास्क पुढचे चार-पाच दिवस कमी हलवून ट्यूबलाइटखाली ठेवा आणि सोबत दुसरा फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. सगळ्याच प्रकारांत हे प्रथिन नसतं, फरक दिसला नाही तरी तो निकालच आहे.

ग्रॅम रंजनाला वेगळी सुरुवात लागते. वसाहत २० टक्के मीठपाण्याच्या अगदी लहान थेंबात पातळ पसरवा, हवेवर वाळवा, तापवू नका. मग स्लाइड २ टक्के अ‍ॅसेटिक आम्लात ५ मिनिटं बुडवा. आम्ल एकाच वेळी मीठ काढतं आणि पेशी स्थिर करतं. न धुता वाळवा आणि पुढे नेहमीसारखं रंजन करा. ही रीत ड्युसॉ यांनी १९५५ मध्ये दिली आणि अजूनही ती वापरली जाते. नळाच्या पाण्याने धुतलेल्या स्लाइडवर फक्त गुलाबी धागे उरतात. जिवंत पेशी पाहताना कव्हर स्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा, नाहीतर पाच मिनिटांत कडेने स्फटिक धरतात. काम झाल्यावर भिंगाचं तोंड ओल्या कागदाने पुसा, मिठाचा थर धातू गंजवतो.

बिघडलं तर

प्लेटवर हिरवट-काळी बुरशी आली तर पिशवीत पाणी जास्त झालंय. टिश्यू ओली हवी, टपकती नको. काही बुरश्या संपृक्त मिठातही तग धरतात, ती प्लेट न उघडता बाद करा.

पंधरा दिवस काहीच नाही आले तर क्रमाने पाहा. विरळ करताना चुकून सलाइन वापरलं का? पेप्टोन घातला का? तापमान ३० च्या खाली गेलं का? यांची वाढ ४० च्या जवळ सर्वांत बरी आणि ३० ला फार संथ होते. यातलं काहीच नसेल तर दुसऱ्या ठिकाणचं मीठ घ्या.

माध्यमातलं मीठ कमी करून लवकर वाढ मिळवायचा प्रयत्न करू नका. १० टक्क्यांवर स्टॅफिलोकोकस आरामात वाढतो आणि तो माणसाला रोग करू शकतो. लाल आर्कियांमुळे रोग झाल्याचं ज्ञात नाही, पण तुमच्या नमुन्यात तेवढेच असतील याची खात्री नसते. वापरलेलं सगळं ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

लोणारसाठी

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग मीठप्रेमी आर्कियांचा असल्याचं सांगितलं. तिथे मिठापेक्षा क्षारता जास्त अवघड आहे, सामू १० च्या आसपास. वरचं माध्यम तिथल्या क्षारप्रेमी जातींना चालत नाही. मॅग्नेशियम नावापुरतं ठेवा, कारण त्या सामूला ते कार्बोनेट होऊन बसतं. लिटरला १८ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट वेगळं निर्जंतुक करून, दोन्ही गरम असतानाच मिसळा. एकत्र तापवलं तर अगार तुटून तपकिरी होतं आणि धरत नाही. लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथून नमुना घेऊ नये.

साठवण

शुद्ध वसाहत तिसऱ्यांदा रेघा ओढून वेगळी केल्यावर फ्रीजमधली तिरकी अगार नळी काही महिने टिकते. त्याहून चांगली रीत मिठागराचीच आहे. दाट वाढलेली १० मिलिलिटर वाढ निर्जंतुक, रुंद काचेच्या बशीत घ्या, त्यात संपृक्त मीठपाणी १० मिलिलिटर मिसळा, वर कागद झाका आणि ३७ अंशांना सावकाश आटू द्या. आठ-दहा दिवसांत गुलाबी चौकोनी खडे धरतात. वेगाने आटवलं तर खडे बारीक होतात आणि त्यांच्या पोटात पाण्याचे थेंब कमी अडकतात. खडे कोरड्या बाटलीत सिलिका जेलसोबत बंद करा, बाटलीवर नमुन्याची जागा, तारीख आणि बोमे अंश लिहा. दर सहा महिन्यांनी एक खडा १५ टक्के मीठपाण्यात विरघळवून प्लेटवर लावा आणि किती दिवसांनी वसाहत दिसली ते त्याच बाटलीच्या चिठ्ठीवर टिपत जा.